पत्रकात दाबलेली कारवी

रोहिणी मॅडमवर अन्याय झाला. चार वर्षांपूर्वी, आश्विनात, नवरात्रातल्या सोमवारी, दुपारी बाराच्या सुमारास. तिकडं बेल्ह्याचा बाजार भरला होता आणि इकडं आमच्या कॉलेजच्या फाटकात गुलाल उधळला जात होता. अन्याय कुणी केला याची यादी मी नंतर पुष्कळदा केली. सरकार, विद्यापीठ, संस्था, प्राचार्य. यादी बरोबर आहे, पण अपुरी आहे. गुलाल ज्यांच्या हातात होता त्यांची नावं तिच्यात लिहायची राहिली. माझं नाव त्यात पहिलं.

यंदा पुन्हा आश्विन लागलाय. ओतूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभी असते, तेव्हा आधी हवा कोरडी झाल्याचं जाणवतं आणि मग वास येतात. कापलेल्या बाजरीचा, खळ्यावरच्या भुशाचा, टेम्पोत कोंबलेल्या झेंडूचा. सकाळी रानात धुकं, दुपारी पाठ भाजणारा चटका. ऊस डोक्याच्या वर गेलाय. दिवस कलला की बाया पोरांना हाका मारतात. बिबट्याचं नाव घेत नाहीत, नुसतं म्हणतात, ‘घरात या रं, ते फिरतंय.’ हे सगळं दरवर्षी येतं, ठरल्यासारखं. न येणारं एकच. डांबरगोळ्यांचा आणि वाळत्या पानांचा मिसळलेला वास. तो आमच्या वनस्पतीशास्त्र विभागाचा वास होता.

मी आता विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिते. गावोगावच्या कॉलेजांत जाते, मुलं गोळा करते, फाटकात उभी राहून बोलते. पत्रकाचा एक नियम मला पहिल्याच वर्षी शिकवला गेला: वाक्य लहान, मागणी मोठी. त्या नियमानं मला बोलायला शिकवलं, हे खरं. त्याच नियमानं मला बरंच काही बघू दिलं नाही, हेही खरं. म्हणून आज वाक्यं थोडी लांबली तर लांबू देत.

आमचं कॉलेज जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. नाव लिहीत नाही. तुम्ही ज्या कॉलेजात शिकलात तेच समजा, फारसा फरक पडणार नाही. विभाग म्हणजे उत्तरेकडची एक लांब खोली. चार सूक्ष्मदर्शक, त्यातले दोन चालणारे. भिंतीला लागून लोखंडी कपाट, आणि त्यात जुन्या मुलांनी वाळवून चिकटवलेल्या झाडाझुडपांचे कागद. आम्ही यायच्या कितीतरी आधी कुणीतरी शिवनेरीच्या उतारावरून आणलेला तेरडा त्यात होता. रंग उडालेला, पण देठाचा वाक तसाच. खाली मुलाचं नाव, गाव, साल. तो मुलगा आज कुणाचा तरी आजोबा असेल. झाडाला मात्र अजून त्याचाच पत्ता.

सोमवारी त्या खोलीत बाजार भरायचा. बेल्ह्याला निघालेली माणसं वाटेत थांबून आत यायची, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं. टोमॅटोची, कांद्याची, द्राक्षाची. कशानं करपलं, एवढंच विचारायचं असायचं. ही पद्धत कुणी सुरू केली, कुणालाच माहीत नव्हतं. परिपत्रकात नव्हती, अभ्यासक्रमात नव्हती. रोहिणी मॅडम पान आधी आमच्या हातात द्यायच्या. म्हणायच्या, “तुम्ही बघा. चुकलात तर मी आहे.”

एकदा एका काकांनी मला भिंगातून दोनदा, तीनदा बघताना पाहिलं आणि म्हणाले, “पोरी, दिसतंय का काय? का मी बाजार करून येऊ तवर?”

“दिसतंय हो काका. बुरशी आहे.”

“बुरशी हाय ते मला बांधावरनं दिसलं. कोणची, ते सांग.”

मॅडम तोंडावर हात धरून हसत होत्या. कोणची, ते सांग. तीन वर्षांत मला विचारला गेलेला तो सगळ्यात चांगला परीक्षेचा प्रश्न.

मॅडम कायम नव्हत्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. विभागातले जुने सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरायला मंजुरी आलीच नाही. वरून पैसा आटत गेला तशी खाली एकेक खुर्ची रिकामी होत गेली, आणि रिकाम्या खुर्चीवर मॅडमसारखी माणसं उभी राहिली. बसली नाहीत, उभी राहिली. मॅडम सकाळी आमच्याकडं, दुपारी मंचरच्या बाजूला, आठवड्यातून दोन दिवस घोडेगावकडं. पर्समध्ये कायम एक भिंग, एक कात्री आणि एसटीचं वेळापत्रक. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणून त्याही नाहीत. “एप्रिलपासून विद्यापीठाला मी माहीतच नसते,” असं त्या हसत सांगायच्या. आम्हीही हसायचो. काय हसायचो कोण जाणे.

हल्ली चर्चासत्रांत एक वाक्य ऐकते. अनुदान कमी होणारच, विद्यापीठांनी काळाशी जुळवून घ्यायला शिकलं पाहिजे. व्यासपीठावरचे सगळे माना डोलावतात. मला तेव्हा मंचरच्या स्टँडवर उभं राहून डबा खाणाऱ्या मॅडम दिसतात. अहो, जुळवून कधीच घेतलंय. फक्त ते विद्यापीठानं घेतलेलं नाही, एका बाईनं घेतलंय.

त्या वर्षी कॉलेजनं प्रयोगशाळेची फी वाढवली. आम्ही एस.वाय.ला होतो. माझ्या वर्गातला प्रतीक, जो पुढं माझ्याबरोबर संघटनेत आला, त्यानं रातोरात नव्हे, भर वर्गात पत्रक लिहून काढलं. पाच मागण्या. छापखान्यात सगळ्यात स्वस्त कागद निवडला, तो खरबरीत, मळकट पिवळा. बुधवारी फाटकात बसलो. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी. मी धनगराची पोरगी, ऊन मला नवं नव्हतं. घोषणा मात्र नव्या होत्या आणि घशात गोड लागत होत्या.

शनिवारी संध्याकाळी मॅडमनी विचारलं, “पुढारी, आंदोलनाला रविवारची सुट्टी असते का? असेल तर घाटावर जाऊ. कारवी फुललीय म्हणतात.”

रविवारी भाजीच्या पिकअपमधून गेलो, रिकाम्या कॅरेटवर बसून. अंगाला टोमॅटोचा वास लागलेला. जुन्नर मागं पडलं, नाणेघाटाच्या बाजूला रस्ता वळला आणि डोंगराचा रंगच बदलला. खाली सोनकीचा पिवळा, वर सगळा निळा-जांभळा. आवाजही होता त्याला. हजारो मधमाश्यांचा, एकसारखा, लांबून ओढ्यासारखा वाटणारा.

बरोबर माझे वडील, आबा, होते. मॅडमनीच बोलावलं होतं. आमची मेंढरं पूर्वी दसऱ्यानंतर घाट उतरून कोकणात जायची, त्यामुळं या वाटेवरचं पान न् पान त्यांच्या ओळखीचं. आबा वर्गापुढं पहिल्यांदाच उभे होते. आधी पटका नीट केला, मग काठीनं एक फांदी वाकवली.

“ही कारवी. सात सालांनी एकदा फुलती. आन फुलली की मरती.”

“सगळी एकदम?” मॅडमनी विचारलं. त्यांना माहीत होतं. आम्ही ऐकावं म्हणून विचारलं.

“एकदम. मागं कोन ऱ्हात न्हाई. बी तेवढं ऱ्हातं.” आबांनी माझ्याकडं बघितलं. “आमची वैशी बालवाडीत व्हती तवा फुलली व्हती. मंग सहावीत व्हती तवा. आन आता ही. पुढच्या टायमाला पोरीचं लगीन झालेलं आसंल.”

सगळा वर्ग हसला. मी तडकले. “आबा, पुढच्या वेळेला मी मंत्री असेन.”

“मंग तर ती फुलायचीच न्हाई,” आबा म्हणाले.

प्रतीक गवतात लोळायचा बाकी राहिला होता. मॅडम हसत हसत वहीत लिहीत होत्या. दुपारी दगडावर बसून भाकरी खाल्ली, ठेचा, वर कुणीतरी आणलेले पेरू. ऊन होतं पण बोचत नव्हतं. वारा आला की अख्खा उतार एका बाजूला कलायचा आणि परत यायचा. आपल्याकडं काहीतरी आहे आणि ते जाणार नाही, असं त्या दुपारी मला वाटलं. तसं मला त्यानंतर कधी वाटलेलं नाही. पुढं मोर्चे मोठे झाले, माईक आले, टाळ्या आल्या. ते वाटणं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. प्राचार्यांनी आम्हाला आत बोलावलं. तेही प्रभारीच होते, कायमचे प्राचार्य नेमायलाही मंजुरी नव्हती. टेबलावर कागदांची चवड. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. म्हणाले, “बाळांनो, फी वाढवू नका म्हणता. मान्य. तुमच्या घरची परिस्थिती मला माहीतय. पण वरून येणारं येत नाही. मग मला सांगा, मी काय कमी करू?”

प्रतीक म्हणाला, “सर, ते तुमचं काम.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात वाजवल्या. चार शब्दांचं वाक्य, लहान आणि धारदार. पत्रकात शोभलं असतं.

सरांनी मान हलवली आणि आपलं काम केलं. बाराच्या सुमारास शिपायानं फलकावर दोन नोटिसा लावल्या, एकीखाली एक. वरची: प्रयोगशाळा शुल्कवाढ रद्द. खालची: वनस्पतीशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या दोन बॅच एकत्र करण्यात येत आहेत. आम्ही वरची वाचली. वाचून झाली आणि गुलाल उधळला. फलकासमोर फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. पहिल्या रांगेत मी बसलेय, आणि खालची नोटीस बरोबर माझ्या डोक्यामागं आहे. तिची एक कड दिसते.

दोन बॅचची एक झाली की तास निम्मे होतात. निम्म्या तासांसाठी एवढा फेरा घालणं मॅडमना परवडणारं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या आल्या नाहीत. आम्हाला वाटलं, दुसरीकडं चांगलं काम मिळालं असेल. असं वाटून घेणं सोपं असतं. नंतर प्रात्यक्षिकं घ्यायला कधी रसायनशास्त्राचे सर यायचे, कधी कुणीच नाही. सोमवारी पानं घेऊन येणारी माणसं खोलीला कुलूप बघून परत जायची. काही महिन्यांनी यायचीच बंद झाली.

मागच्या आठवड्यात कॉलेजात गेले होते. फाटकातला वॉचमन नवा, त्यानं “पावनं कोनाकडं?” असं विचारलं. उत्तरेकडच्या खोलीत आता संगणकाचा स्वयंअर्थसहाय्यित कोर्स चालतो. म्हणजे पोरांच्या फीवर चालणारा. खोलीला रंग आहे, पंखे आहेत. त्या पोरांवर माझा राग नाही, त्यांनाही शिकायचंय. पण दाराशी उभी राहून श्वास घेतला तर नुसता रंगाचा वास. लोखंडी कपाट जिन्याखाली सरकवलेलं, मोडक्या बाकांच्या शेजारी. कुलूप नव्हतं. तेरडा सापडला. आणि तळाशी दोरीनं बांधलेला एक गठ्ठा, कधीच चिकटवायचा राहून गेलेला.

सोडला. आत आमची पत्रकं होती. तीच, मळकट पिवळी. आणि प्रत्येक दोन पत्रकांमध्ये एक कारवीची फांदी. फुलं तपकिरी झालेली, पण ओली असताना त्यांचा रंग कागदात उतरला होता. ‘फीवाढ रद्द झालीच पाहिजे’ या ओळीवर एक फिकट जांभळा डाग. खाली पाच मागण्या. मी जिन्याखाली उकिडवी बसून त्या पाचही वाचल्या, आपल्याच हस्ताक्षरातलं परक्याचं पत्र वाचावं तशा. फी, बस पास, वसतिगृह, पिण्याचं पाणी, निकाल वेळेवर. शिकवणाऱ्या माणसाबद्दल एक अक्षर नाही.

गठ्ठ्यावर मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी. झाडाचं नाव, जागा. माहिती देणारे: आबांचं पूर्ण नाव. आबांचं नाव आजवर ज्या ज्या कागदावर आलं तिथं ते अर्जदार होते. रेशनचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, नुकसानभरपाईचा अर्ज. या एकाच कागदावर ते माहिती देणारे आहेत. सरकारी विद्यापीठ म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी ही चिठ्ठी दाखवीन.

शेवटची ओळ: पुढचा बहर सात वर्षांनी. त्या वेळच्या वर्गाने नोंद करावी.

गठ्ठा घेऊन नारायणगावला गेले. मॅडम आता एका रोपवाटिकेत देखरेखीला असतात. शेडनेटखाली हिरवट उजेड, ट्रेमध्ये टोमॅटोची बोटभर रोपं, बायका ओळीनं बसून बी टाकत होत्या. मला बघून मॅडम म्हणाल्या, “या पुढारी! आज इकडं कुणाचा घेराव?”

मी गठ्ठा पुढं केला. त्यांनी हात पुसून उघडला. “अगं बाई, ही आहे होय अजून? मला वाटलं वाळवीनं खाल्ली असेल.”

“मॅडम, तुम्ही आमच्या पत्रकांत दाबलीत.”

“मग काय करणार? टिपकागद मागितला तर ऑफिस म्हणालं, तरतूद नाही. तुमची पत्रकं ढिगानं पडली होती. कागद बेस्ट होता हं. स्वस्त कागद पाणी लवकर पितो.”

“कधी दाबलीत?”

“त्याच दिवशी दुपारी. तुम्ही बाहेर नाचत होता.”

“नोटीस वाचल्यावर?”

“वाचल्यावरच. तुमच्या नोटिशीच्या खालीच होती की.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी ट्रेमधलं एक मान टाकलेलं रोप उपटून बाजूला टाकलं. “काय बोलू? फी वाढली असती तर तू आली असतीस का पुढच्या वर्षी? नसतीस आली. मग शिकवलं कुणाला असतं मी?”

“राग येत नाही?”

“येतो ना. तुझ्यावर नाही.” त्यांनी पुढचा ट्रे ओढला. “थोडा तुझ्यावर पण.”

मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “यंदा एफ.वाय.ला बॉटनी आहे ना?”

मला सांगावं लागलं. यंदापासून पहिल्या वर्षाचे प्रवेश बंद. आत आहेत ती पोरं बाहेर पडली की विभाग संपला. कारवी फुलायला अजून तीन वर्षं आहेत, आणि तोवर कॉलेजात वनस्पतीशास्त्राचं एकही पोरगं उरणार नाही.

मॅडमनी चिठ्ठीची शेवटची ओळ पुन्हा वाचली. “मग नोंद कोण करणार गं?”

प्राचार्यांनी चार वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न रास्त होता. काय कमी करू? आम्ही म्हणालो, ते तुमचं काम. आज मला वाटतं, ते आमचंही काम होतं. उत्तर देऊन पैसा उगवला नसता, मान्य. पण आम्ही तिथं बसून म्हणू शकलो असतो की फी नको आणि मॅडमचे तासही कमी नकोत, सभागृह भाड्यानं द्या, तीन कॉलेजांनी मिळून एक कायम शिक्षक ठेवा, बाई तीन ठिकाणी जातेच आहे तर तिला निदान एका ठिकाणी बसायला खुर्ची द्या. सोमवारी पानं घेऊन येणाऱ्यांच्या ग्रामपंचायतींकडं, रोपवाटिकांकडं जाऊ, विभागासाठी मागू, पण पान बघायला फी लावू नका. आणि हे सगळं करून जे उरेल ते वरून घ्यायला तुम्ही पुढं व्हा, आम्ही मागं आहोत. यातलं किती झालं असतं, माहीत नाही. कदाचित फार नाही. माणसांचा पगार देणं हे सरकारचं काम आहे आणि भाड्याच्या सभागृहातून प्राध्यापक उगवत नाहीत, हे मी उद्याही फाटकात ओरडून सांगणार आहे. पण दोन नोटिसांपैकी एकच वाचणाऱ्यांना सरकार घाबरत नाही. फी थांबवा म्हटलं की ते माणूस काढतात. माणूस ठेवा म्हटलं की फी वाढवतात. दोन्ही एकाच कागदावर मागितल्याशिवाय काही हाती लागत नाही. हे शिकायला मला चार वर्षं लागली आणि शिकवणारी शेडनेटखाली जाऊन बसली.

घरी आले तर आबा ओट्यावर लोकर सोडवत होते. मेंढरं आता निम्मीच उरलीत. त्यांना चिठ्ठी वाचून दाखवली. स्वतःचं नाव आलं तिथं त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

“तीन सालांनी जाऊ की आपन,” म्हणाले. “गुडघं दुखत्यात, पर जाईन. मी सांगीन. लिव्हायला कोन येनार, ते तू बघ.”

मी बघतेय. एकटीच्यानं होणारं नाही, म्हणून हे लिहिलं.

तुम्ही कुठल्या ना कुठल्या अशाच कॉलेजात शिकलात. तुमच्याही विभागाला एक वास होता, तो आत्ता तुम्हाला आठवलाय. नुसता आठवत बसू नका. हा महिना संपायच्या आत तिथं जा. जाताना बांधावरचं एक रोप मुळासकट घेऊन जा. फलकावरच्या सगळ्या नोटिसा वाचा, खालचीसुद्धा. मग ऑफिसात जाऊन लेखी विचारा, हे कोणतं झाड ते सांगणारं माणूस या कॉलेजात कायम नेमणुकीवर आहे का. अर्जाची पोच घ्या. आणि नाव सांगणारं कुणी येईपर्यंत तिथून उठू नका.